गिटारच जुळवून घ्यायची होती

मंडळी, दुपारपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

नंदुरबारला आमचा ‘पथारी’ नावाचा रॉक बँड होता, काहींना आठवत असेल. मिरची वाळवायच्या पथारीवर सराव करायचो, म्हणून ते नाव. गिटार, लग्नातला ढोल आणि कोकणी आदिवासी पाड्यावरच्या सोन्याकाकांची पावरी, म्हणजे भोपळ्याला नळी जोडलेलं फुंकायचं वाद्य, असा तो प्रकार. तीन वर्षं चाललं, मग नोकऱ्या लागल्या आणि संपलं. गाणी मात्र मोबाइलवरून फिरत राहिली.

आज विसरवाडीत कॉलेजच्या पोरांचा बँड ऐकला. त्यांच्यातही पावरी! गिटारवाला पाया पडला. “दादा, तुमना गाणा आयकीसनच आम्ही बँड काढा.”

मी फुगलो. विचारलं, “पावरी गिटारच्या सुरात कशी आणली? नळी कापली का?”

तो दचकलाच. “पावरी कोन कापस, दादा? आम्ही गिटारच तिना सूरले लाई लिधी.”



आमच्या वेळी सूर जुळेना, तेव्हा मीच काकांना नळी कापायला लावली होती. पावरी त्यांच्या वडिलांची. काकांनी फक्त करवत मागितली. गाणं झकास झालं. पण डोंगऱ्या देवाच्या उत्सवात दरवर्षी वाजणारी ती पावरी त्यांनी देवापुढे पुन्हा कधी वाजवली नाही. गिटारच्या खुंट्या पिळायला मला पाच मिनिटं लागली असती.

काका आता नाहीत.

निघताना पोरगा म्हणाला, तुमच्या गाण्यातल्या पावरीसारखा आवाज आमच्या पावरीतून निघतच नाही.

सांगा, काय उत्तर द्यायला हवं होतं मी?