लिफ्टवाल्याचं विमान

कॅप्टननी आयुष्यात कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. कॅप्टन हे नाव इमारतीतल्या लोकांनी पाडलेलं, तेही निवृत्तीनंतर. त्याआधी सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणायचे, कारण उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. उंच इमारतींच्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर उकिडवं बसून डबा खाणारा माणूस. खाली बघून दुसऱ्याचे डोळे फिरावेत, आणि हे डब्याचं झाकण कुठे गेलं ते शोधत असायचे.

म्हणजे उंचीची भीती नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की वर दोर पाहिजे.

"लिफ्ट का पडत नाही? वर दोर आहेत. आणि त्यातला एकेक मी हाताने चाचपलेला आहे. विमानाला वर काय आहे?" असं विचारून ते उत्तराची वाट न बघता चहाचा कप उचलायचे.

आता नेमकी त्यांची एकुलती एक लेक लग्न करून समुद्रापार गेली. तिथे ना गाडी जाते ना रेल्वे. कॅप्टननी बोटीचीही चौकशी करून पाहिली. बोटवाल्यांनी विचारलं, माणूस पाठवायचाय की माल.

काकूंना, म्हणजे कॅप्टनच्या बायकोला, लेकीकडे जायचं होतं. गोष्ट एवढीच आहे, बाकी सगळा पसारा. लेकीने तिकडे स्वतःचं घर घेतलं होतं आणि फोनवर ती ते तुकड्यातुकड्याने दाखवायची. आज ओटा, उद्या खिडकी. एकदा म्हणाली, "आई, ही तुमची खोली." खोलीत काहीच नव्हतं, भिंतीला टेकवून उभी केलेली एक गादी तेवढी होती. ती उभी गादी काकूंच्या डोळ्यांसमोरून हलेना.

बापाने मात्र लेकीची इथली खोली विमानाने भरून टाकली होती.

विमान म्हणजे विमानाचं नाक. प्लायवूडचा सांगाडा, भंगारातल्या मोटारीच्या दोन सीट, समोर जुने मॉनिटर आणि त्यांच्यावर ढग. असले छांदिष्ट जगात बरेच आहेत म्हणे, घरात कॉकपिट बांधतात आणि कॉम्प्युटरवर विमान उडवतात. कॅप्टन दुपारी जेवण झालं की एका शहरातून उडून दुसऱ्या शहरात उतरायचे, आणि मधूनमधून खाली वाकून आपले पाय फरशीवरच आहेत ना, बघून घ्यायचे.

बटणांचं त्यांना पहिल्यापासून वेड. पण बटणांभोवतीची अक्षरं हाताने कोरली की वाकडी यायची, म्हणून त्यांनी अक्षरं कोरायचं मशीनच बनवायला घेतलं. सीएनसी म्हणतात त्याला. काकू शेजारणींना सांगायच्या, "कॉम्प्युटर सांगेल तिथे जाऊन भोक पाडतं." जुन्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोडीत निघालेल्या प्रिंटरच्या मोटरी, आटे पाडलेल्या लांब सळया, आणि मधोमध सुताराचा लाकूड कोरायचा छोटा राउटर, खाली तोंड करून टांगलेला. पहिल्या दिवशी त्याला चौकोन काढायला सांगितला, तर ते तरातरा टेबलाच्या कडेकडे निघालं. काकूंनी प्लग उपटला म्हणून वाचलं. महिनाभराने मात्र ते असं काम करायला लागलं, की कॅप्टन त्याच्यासमोर चहा घेऊन नुसते बसून राहायचे. पांढऱ्या ॲक्रिलिकवर काळा रंग मारायचा, मशीन तो अक्षरांपुरता खरवडून काढणार, मागे दिवा लावला की अक्षरं उजळणार. एकामागून एक बटणांची पॅनेल होत गेली.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. त्या एकदा हात जोडून वर आल्या.

"काकू, माझ्या खुर्चीत पेशंट आ करून बसलेला असतो. मी अजून हातात काही घेतलेलं नसतं, आणि वरून ड्रिलचा आवाज सुरू होतो. काल एक जण तोंडातल्या कापसासकट पळाला."

"कापूस आणून दिला का त्याने परत?" कॅप्टननी आतून विचारलं.

शेवटी ठरलं, दवाखाना दुपारी बंद असतो तेवढ्यातच मशीन चालवायचं. जाता जाता डॉक्टरीणबाईंनी कॅप्टनच्या गालाकडे बघितलं. "ही बाजू सुजलीय. दाढ दाखवायला कधी येताय?"

"हे काम संपलं की," कॅप्टन म्हणाले.

कामातलं आता एकच पॅनेल उरलं होतं, डोक्यावरचं, कॉकपिटच्या छताला बसवायचं. लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, तिकिटं काढू?" की हेच उत्तर. "तेवढं डोक्यावरचं होऊ दे. अर्धवट काम टाकून तुझा बाप कधी कुठे गेलाय का?" हे खरं होतं. बंद पडलेली लिफ्ट तशीच टाकून ते स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यांनाही वेळेवर गेले नव्हते.

पण डोक्यावरचं पॅनेल काही होईना. कधी अक्षरांची ओळ उतारावरून घसरल्यासारखी यायची, कधी दोन भोकं एकमेकांना खेटून बसायची.

"कपलिंगचा स्क्रू सैल होतोय," कॅप्टन हळहळले. कपलिंग म्हणजे मोटर आणि सळई यांना जोडणारी बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्यातला बारीक स्क्रू ढिला पडला, की मोटर फिरते आणि सळई जागच्या जागी आराम करते. "त्या स्क्रूला डोकंच नसतं गं. बिनडोक्याला काय समजावणार?"

काकूंना यांची हळहळ पाठ होती. खरी असली की हे गप्प बसून जेवतात. आज दोनदा वाढून घेतलं होतं.

काकू स्वतः शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. खिशावर शाळेचं चिन्ह भरणारं एक मोठं मशीन होतं तिथे, कॉम्प्युटरवर चालणारं, आणि ते काकूंच्या ताब्यात असायचं. तिथला फिटर पक्क्या पिळलेल्या स्क्रूंवर रंगाचा ठिपका द्यायचा, कोणी चावी घातली तर कळावं म्हणून. काकूंना तो ठिपका आठवला. लेकीच्या कपाटात नखं रंगवायची लाल बाटली राहून गेली होती. कॅप्टन आंघोळीला गेल्यावर काकूंनी स्क्रू घट्ट पिळला, त्याच्या खळग्यात लाल थेंब सोडला आणि फुंकर घालून वाळवला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अक्षरं पुन्हा घसरली.

"कंपनं," कॅप्टन म्हणाले.

काकूंनी बघितलं, खळग्यातला रंग उडाला होता. मग त्यांनी स्क्रू पिळायची बारीक चावी शोधली. हत्यारांच्या पेटीत नव्हती. चष्म्याच्या घरात होती, आणि तिच्या टोकाला लाल कपची चिकटलेली होती. अशी कंपनं काकूंनी पहिल्यांदाच पाहिली, जी काम झाल्यावर चावी चष्म्याच्या घरात ठेवतात.

त्यांना आधी राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही एकदम आलं, म्हणून त्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. समोर बसवून विचारता आलं असतं. पण पकडला गेलेला नवरा दोनच गोष्टी करतो, चिडतो नाहीतर रुसतो, आणि दोन्हींत तिकीट निघत नाही. शिवाय त्यांना त्या चावीत भीती दिसली होती. एवढा मोठा माणूस, चोरून एक स्क्रू ढिला करतो.

संध्याकाळी त्या भाजी निवडताना सहज म्हणाल्या, "भीती वाटते का हो?"

"कसली?" कॅप्टननी मान वर केली नाही.

"दाढेची."

"दाढ कुठे दुखतेय?" गालावर हात ठेवून कॅप्टन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू खाली गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चावीची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि विचारलं, "किती वेळ लागेल तुम्हाला?"

"तासभर."

"मग दुपारी पाठवा त्यांना. दवाखाना बंद असतो, दुसरं कोणी नसेल. दाढ खरंच वाईट आहे, त्यामुळे मला पाप लागणार नाही."

काकूंना मात्र थोडी टोचणी होती. त्यांनी वर येऊन देवासमोर हात जोडले आणि सांगितलं की फसवते आहे, पण त्यांनी आधी फसवलंय, हे तूही बघितलं असशीलच.

कॅप्टनना त्या दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः येऊन घेऊन गेल्या, दंड धरून. दार लागताच काकूंनी पदर खोचला. स्क्रू पिळला. पत्र्याच्या शिकंज्यांत ॲक्रिलिक घट्ट धरलं, चारही बाजूंनी हलवून पाहिलं. लॅपटॉपवर पॅनेलचं चित्र केव्हाच तयार होतं. गणवेशाच्या मशीनसारखंच होतं सगळं, चित्र उघडायचं, सुरुवातीचा कोपरा दाखवायचा, बटण दाबायचं. फक्त तिथे सुई असायची. शेजारी एक उरलेला तुकडा होता, तो बघून काकूंच्या मनात आणखी काही आलं. त्यांनी तोही पकडीत धरला आणि लॅपटॉपवर दोन शब्द लिहिले. मग देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

खाली काय झालं ते डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना दोनदा खाली बसावं लागलं. कॅप्टनचा अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचे बोळे, वरून नळी. त्यांनी जेमतेम आ केला आणि छतातून गुणगुण सुरू झाली. कॅप्टनचे डोळे वर गेले.

"आ आ आ?"

"हो, मलाही येतोय आवाज," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तुम्ही इथे, मग वर कोण असेल हो? तोंड मिटू नका."

राउटर किंचाळला. कॅप्टनच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. डावीकडून उजवीकडे, थांबला, मागे, पुन्हा डावीकडून. ओळ सरळ चालली होती, त्यांना ती खालून ऐकू येत होती. एकदाही अडखळली नाही. घाबरलेला माणूस हळूहळू ऐकणारा माणूस झाला, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, असा शहाणा पेशंट त्यांना पुन्हा मिळाला नाही.

कॅप्टन वर आले तेव्हा एक गाल लोंबत होता आणि त्यावर रुमाल होता. काकू जमिनीवरचा भुगा झाडत होत्या. डोक्यावरचं पॅनेल जागेवर बसलेलं होतं, मागचे दिवे लागलेले, अक्षरं अशी की पट्टी लावून पाहावीत. आणि खोलीतल्या एकूण एक स्क्रूवर, पॅनेलच्या, कपलिंगच्या, सीटच्यासुद्धा, लाल ठिपका होता.

कॅप्टननी कपलिंगच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"रंग बरा आहे," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले.

"लेकीचा आहे," काकू म्हणाल्या.

कॅप्टन डाव्या सीटवर बसले. समोर, नजरेच्या उंचीवर, एक छोटी पाटी लावलेली होती. लिफ्टमध्ये असते तशी. आयुष्यभर त्यांनी अशा पाट्या लावल्या होत्या, सहा व्यक्ती, दहा व्यक्ती. हिच्यावर लिहिलं होतं, "क्षमता : २ व्यक्ती".

"वर दोर नाही गं," ते हळूच म्हणाले. थट्टा नव्हती त्यात.

काकू उजव्या सीटवर येऊन बसल्या. दोर वरच्याच्या हातात आहे, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण यांनी लगेच त्या दोराची जाडी विचारली असती. "नाही ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी शेजारी बसणार आहे. घट्ट धरायला काहीतरी हवं."

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती, चेहऱ्यासकट. काकूंनी फोन वर धरून पॅनेल दाखवलं, उजळलेलं, सरळ.

"झालं?" लेक म्हणाली. "बाबा, मग काढू तिकिटं?"

कॅप्टननी रुमाल गालावर दाबला आणि बोटाने खूण केली, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.

"मान हलवायला नाही केली," काकू म्हणाल्या. "मी विचारून आलेय."

कॅप्टननी पाटीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि मान हलवली. एकदाच, पण वरखाली.

तरी काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मान बधिर जबड्याची होती, भूल उतरल्यावर काय होईल सांगता येत नव्हतं. सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, त्या दूध घेऊन आल्या तर खोलीतून ॲक्रिलिकचा वास येत होता. त्या तशाच आत गेल्या. पॅनेलचे ठिपके शाबूत होते. कपलिंगचा ठिपका शाबूत होता. पाटीच्या चारही स्क्रूंवरचा रंग मात्र उडालेला, आणि त्यावर नवा रंग, बोटभर फासलेला, पुरुषाने नखं रंगवावीत तसा.

पाटी बदललेली होती. काकूंनी चष्मा लावून वाचली.

"क्षमता : २ व्यक्ती, सामानासह."