ढेपीच्या वाढदिवसाचा आहेर

मांडवात टॉवेल-टोप्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला, तेव्हा आमचे भाऊजी खुर्चीत मटकन बसले. परवावर कुत्रीचं ऑपरेशन आलेलं. पैशांची पाकिटं म्हणाल तर मुठीत मावतील एवढी. बाकी सगळे टॉवेल, खण, स्टीलचे डबे आणि कुणीतरी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, तेही बंद. ढेप, म्हणजे ती कुत्री, दुखरा पाय वर धरून ढीग हुंगत होती.

माझ्या नवऱ्याच्या या धाकट्या भावाइतका मोठ्या आवाजाचा आणि मागायला लाजणारा माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरा नाही. जन्मभर त्यांनी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारली, घरातही तसेच बोलतात. सकाळी 'वैनी, उठलो' म्हणाले की मंगळवार पेठेतली निम्मी गल्ली उठते. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की तोच आवाज घशात अडकतो. आमटी अळणी झाली तर मीठ मागत नाहीत, तशीच ओरपतात आणि वर झकास झाली म्हणतात. एकदा जयसिंगपूरला लग्नाला निघाले ते चुकून गगनबावड्याच्या एसटीत बसले. कंडक्टरने सांगितल्यावर तरी उतरावं की नाही? पण गाडी थांबवा म्हणणं म्हणजे मागणंच झालं. 'मला तिकडंच जायचं हाय,' म्हणाले, तिकीट काढलं, गगनबावड्याच्या पावसात चिंब झाले आणि आहेराचं पाकीट खिशात तसंच घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी जयसिंगपूर गाठून नवरीच्या बापाच्या हातात ते ओलं पाकीट ठेवलं, तेव्हा कुठे त्यांना अन्न गोड लागलं.

आहेर त्यांनी कुणाचाच चुकवला नाही. लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळीकडे हजर. स्वतः बिनलग्नाचे, त्यामुळे परत काही आलं नाही. एकच संसार केला, तो ढेपीशी. गुळाच्या गोदामात सापडलेलं पिल्लू, गुळाच्याच रंगाचं आणि तसंच गोल, म्हणून ढेप. तिच्याशी बोलणं अहो-जाहो. 'ढेपीबाई, जेवून घ्या.' ती जेवल्याशिवाय हे ताटावर बसत नाहीत. मला आजवर कुणी इतकं विचारलेलं नाही.

तिच्या पायाच्या हाडात कॅन्सर निघाला. पाय काढायचा आणि नंतर सलाईनमधून औषधं द्यायची, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. खर्च ऐकून मी म्हणाले, लोकांना सांगा, मदत करतील. भाऊजींनी चार दिवसांनी कार्डंच छापून आणली. ढेपीचा वाढदिवस, सर्वांनी यावं, आणि खाली ठळक अक्षरात 'आहेर आणावा'. आजाराचा एक शब्द नाही.

"मग हे मागणं न्हवं व्हय?" मी विचारलं.

"न्हाई वैनी. आहेर परत येत असतोय. मदत मागाय लागती."

कुत्रीचा वाढदिवस म्हणून लोक हसत हसत आले, आणि घरात पडून असलेलं काहीबाही घेऊन आले. शेजारणीने दिलेला खण तर मीच तिच्या मुलीच्या लग्नात तिला दिलेला होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

भाऊजी बसले ते उठेचनात, तेव्हा मी माईक घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत, मला भाषण कुठलं येतंय. "ढेपीला कॅन्सर हाय," मी म्हणाले. "परवा तिचा पाय काढायचा हाय आणि पैसं न्हाईत. आमचं भाऊजी मरतील पर मागायचं न्हाईत, म्हणून मी सांगाय लागलोय. टॉवेलानं काय डॉक्टरचं तोंड पुसू?"

 भाऊजींनी मान खाली घातली. ज्यांच्या अडत दुकानात त्यांनी जन्म काढला ते मालक, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, ते काठी टेकत उठले. स्वतः आणलेला टॉवेल ढिगातून शोधून त्यांनी भाऊजींच्या मांडीवर टाकला.

"मागू नगंस. सौदा काढ. सौद्याला कसली लाज?"

भाऊजींनी टॉवेलकडे बघितलं, मग माणसांकडे. खुर्चीवर चढले आणि आवाज सुटला. आप्पांनी आपलाच टॉवेल नव्या साडीच्या भावाने घेतला. 'पावणं, एवढ्यात टोपी मिळती व्हय, नुसतं डोस्कं झाकून घरला जावा,' असे टोमणे खाऊन माणसं बोली वाढवत होती. शेजारणीने खणावर बोली लावली, मी ईर्ष्येने चढवली, तिने आणखी चढवली. शेवटी खण तिच्याकडेच परत गेला आणि ती तो मिरवत हिंडली. बंद घड्याळ सगळ्यात महाग गेलं. मांडव सोडायची वेळ आली तेव्हा ढिगाच्या जागी नुसती सतरंजी होती.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्याबाहेर बाकावर बसलो. भाऊजींचा आवाज इतका बसला होता की मला कान जवळ न्यावा लागला.

"दादाच्या येळंला डॉक्टर म्हणालं, उशीर झाला. ह्या येळंला तसं कोण म्हणालं न्हाई, वैनी."

मी थर्मासमधला चहा ओतून दिला. तो त्यांनी हातात तसाच गार होऊ दिला.

आता ढेप तीन पायांवर चालते. तोंड पांढरं झालंय, पण गल्लीतली मांजरं अजून तिला बघून भिंतीवर चढतात. संध्याकाळी ती आणि भाऊजी रंकाळ्याकडे जातात, दमले की दोघं एकाच ठिकाणी थांबतात. या घरात कॅन्सर दोघांना झाला. माझा नवरा गेला. ढेप वाचली.