चिखलाला मानाची खोली

नूरझामल पहिल्यांदा आली तेव्हा अनारकानला वाटलं, बाई मासे धरायला आलीय आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गोठलेल्या तळ्याला गिरमिटानं भोक पाडायचं, दिवसभर त्यावर वाकायचं आणि संध्याकाळी नळीभर चिखल घेऊन मुक्कामाला अनारकानच्या घरी यायचं! आठवलं की अनारकान अजून पोट धरून हसते.

नूरझामलला हवा होता तो चिखलच. झाडांचे परागकण उडून तळ्यात पडतात, तळाशी थरावर थर बसतो. शहरात नेऊन ते मायक्रोस्कोपखाली मोजले, की आज जिथं स्प्रूसचं रान आहे त्या डोंगरावर पूर्वी काय होतं ते कळतं. मोजून मोजून बिचारीचे डोळे गेले, वाकून वाकून कंबर. गेल्या हिवाळ्यातला गाळ जीपच्या धक्क्यांनी पार कालवला गेला. यंदाही हुकलं तर शहरातली तिची संस्था तिला पुन्हा पाठवणार नव्हती.

यंदा नळी झकास भरली. ती उभी चिरून तिनं फळीवर ठेवली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. तिचा उतरलेला चेहरा बघून अनारकानला वाटलं, दृष्टच लागली हिला! तिनं दृष्ट काढायला आर्चाची, डोंगरातल्या ज्युनिपरची, फांदी पेटवली आणि धुरी दिली. बाईला दिली, तशी चिखलालाही. चांगली झटकून झटकून.

नूरझामल दचकून उठली. चिखलावर पिवळी भुकटी.

"एजे," थोरल्या ताईला हाक मारावी तशी ती म्हणाली, "मोहरातली आर्चा? हे तिचे पराग! आता हा गाळ सांगेल, इथं सगळीकडे आर्चाच होती!"

"मग असेल की!"

चिडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. सुस्कारा टाकून तिनं पातं घेतलं आणि वरची साय आडवी आडवी खरवडत बसली. दुपार सरली. आतला गाळ स्वच्छ निघाला.

"आता हा मागच्या थंड खोलीत राहील," ती म्हणाली.

"वेडी का काय! उद्या जावई येतोय. मानाची खोली आहे ती."

"जावई झोपेल चुलीपाशी. उबेनं गाळ तडकतो, जावई नाही तडकत."

"म्हणजे माझ्या जावयापेक्षा चिखल मोठा?"

"तुमच्यात मानाची जागा कुणाला देतात, एजे?"

"वयानं थोर असेल त्याला."

"जावई तिशीचा. ह्याचा तळ हजारो वर्षांचा."

अनारकाननं मानाच्या खोलीतून जावयाच्या रजया उचलल्या आणि चुलीपाशी आणून टाकल्या.