तुळईतलं बिऱ्हाड

"बोलू नका, ऐकू द्या." असं म्हणून आमच्या गल्लीतले सुतार मिस्त्री लाकडाला जबडा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. ते ठार बहिरे होते, हे कळल्यावर तुम्हालाही हसू येईल. चहा घेता का, असं आपण घसा फोडून विचारावं आणि त्यांनी म्हणावं, "परवा येतो."

तेव्हा सेलूवर निजामाचा अंमल होता आणि मी सरकारी शाळेत उर्दूतून गणित शिकवत होतो. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली होती. आईनं माळवदाच्या आतल्या खोलीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात तिची बाज टाकली. रोज सकाळी तिच्या पांघरुणावर बारीक भुसा पडलेला दिसायचा. मी शिकलेला माणूस! वाळवी लागली असं ठरवून भिंतीच्या बुडाला घासलेट ओतलं. खोलीभर वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी भुसा आणखी पडला.

आईचं वेगळंच. खांबावरून काळ्याभोर मुंगळ्यांची रांग वर जायची. घरात पोटुशी लेक असताना मुक्या जिवांना घातलेलं लागी लागतं, म्हणून ती रोज खांबाशी साखर ठेवायची.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चिमूटभर भुसा तळहातावर चोळला.

"वाळवी न्हाई, मास्तर. वाळवी असती तर माती दिसली असती. हे मुंगळे हायेत. लाकूड खात न्हाईत, कोरून भाईर टाकायलेत."

मग शिडीवर चढून त्यांनी तुळईला जबडा लावला. हाडातून काय ऐकू यायचं देव जाणे. सरकत सरकत भिंतीपाशी थांबले आणि घाईनं उतरले.

"पोरीला आत्ता हलवा. तुळई आतून पोकळ हाय."

आई ऐकेना, खोली सारवून झाली होती. मिस्त्रींनी वाद घातला नाही. परत वर चढून तुळईत पटाशी दाबली, ती मुठीपर्यंत आत गेली. आईनं स्वतःच बाजेचा पाय धरला.

"पण त्यांना मारू नका हो, लेक बाळंत व्हायची हाय!" मुंगळ्यांकडे बोट दाखवत, हात जोडत ती तीनदा ओरडली.

"मारायचं कशाला, माय? वल कुटून यायलीय ते बघू. वल्लं लाकूड गेलं की त्यांचं घर गेलं."

माळवदावरची पन्हाळ बुजली होती आणि पाणी तुळईच्या टोकात मुरत होतं. मिस्त्रींनी आधी टेकू दिला. पन्हाळ मोकळी करून वर पांढरी माती चोपली. सडलेलं टोक कापून सागाचा तुकडा जोडला आणि ते टोक मुंगळ्यांच्या बिऱ्हाडासकट पोत्यात गुंडाळून ओढ्याकाठच्या बाभळीखाली नेलं. मानेवर मुंगळे चढलेले.

"चावायलेत का?" मी ओरडलो.

"परवा येतो," ते म्हणाले.

आईची साखर त्या दिवसापासून बाभळीखाली जाऊ लागली.

अखेरच्या दुखण्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. बरं वाटतंय का, असं विचारलं. "परवा येतो," म्हणाले. आले नाहीत. त्यांच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मला राहून राहून बारशाचा दिवस आठवतो. त्याच तुळईला पाळणा टांगला होता आणि भाची घर डोक्यावर घेऊन रडत होती. मिस्त्री शांतपणे तिच्याकडे बघत उभे होते. तिचं रडणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. बहीण तिला उचलायला धावली, तशी त्यांनी हात वर केला. वाकून पाळण्याच्या दांडीला जबडा टेकवला.

"बोलू नका," ते म्हणाले. "ऐकू द्या."