दक्षिणेकडची खिडकी

म्हसकर मॅडम रुग्णाच्या घरी गेल्या की आधी जमिनीवर आडव्या व्हायच्या. म्हाताऱ्याच्या खाटेशेजारी, कडक इस्त्रीच्या साडीसकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर आली. मी पाणी आणायला धावले. "पाणी राहू दे, तूही झोप इथे. काय दिसतं?" मी म्हटलं, "पत्रा." "आजोबा तीन वर्षं हेच बघतायत. आता सांग, जेवणावरची वासना का उडाली?"

पनवेलच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात त्या वृद्धांची शुश्रूषा शिकवायच्या. वर्गात त्यांचं मन रमत नसे. आठवड्यातून तीन दिवस आम्हा मुलींना घेऊन उरणकडची गावं पालथी घालायच्या. अंथरुणाला खिळलेल्यांना अंघोळ घालायची, नखं काढायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलून द्यायची. स्वभाव तिखट. एप्रनचं बटण तुटलेलं दिसलं की गाडीतून खाली उतरवत. एक पालुपद कायमचं: "घर त्यांचं, म्हातारा त्यांचा. आपण पाहुण्या. विचारल्याशिवाय उशीसुद्धा हलवायची नाही."

करंजाला एक कोळी आजोबा होते, लकव्याने पडलेले. खाटेचं तोंड भिंतीकडे. दक्षिणेच्या खिडकीतून बंदर दिसायचं, पण त्यांना नाही. "बाय, खाट फिरव गो. मना बोटी दिसत नाय," असं ते मला दर खेपेला म्हणायचे. सून ऐकायला तयार नव्हती. "पाय दक्षिनंला? मेलेल्या मानसाला ठेवतान तसं?" मॅडम म्हणाल्या, "तिला पटेपर्यंत थांबायचं."

मी थांबले नाही. एकदा सून मासळीच्या लिलावाला गेली होती, मॅडम शेजारच्या घरी होत्या. आजोबांनी हात धरला आणि मी एकटीने खाट ओढून फिरवली. ते नुसते बोटी बघत राहिले. नंतर सून खाट पुन्हा वळवायला गेली तर त्यांनी आरडाओरडा करून तिला हात लावू दिला नाही म्हणे.

चौथ्या दिवशी आजोबा गेले.

पुढच्या फेरीला त्यांचा मुलगा दारातच उभा होता. "खाट कोनी फिरवली?" माझी शेवटची परीक्षा महिन्यावर आली होती. मॅडमनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी फिरवली." मी खाली मान घालून उभी राहिले. त्या दिवसापासून गावाने आम्हाला दारं बंद केली. तक्रार कॉलेजपर्यंत गेली आणि मॅडमचं गावोगाव जाणं थांबलं. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं त्यांनी खडू हातात घेऊन चार भिंतींत काढली. मी पास झाले, मोठ्या इस्पितळात लागले. एका शब्दानेही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्या दिवशी मी खरं सांगितलं नाही, याची मला फार लाज वाटते.

त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले. खूप थकल्या होत्या. मी रडत रडत माफी मागितली.

"चार दिवस बोटी बघितल्या ना त्यांनी?"

"हो मॅडम."

"माझ्याकडे कशाला रडतेस मग? त्या सुनेला जाऊन सांग. ती बिचारी अजून मनात म्हणत असेल, आपण त्या दिवशी लिलावाला गेलो म्हणून सासरा गेला."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली. पनवेल स्टँडवरून उरणची एसटी सारखी सुटते. मी अजून गेलेले नाही.