देवाला ‘आपण’

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना वडील करत. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दिवसाची ड्युटी असली की दिवेलागणीला नारपोलीच्या घरी पोहोचायचो, तेव्हा ते बायबल घेऊन बसलेले असत. खालच्या गाळ्यात कापडाचे लूम चालायचे आणि त्यांची थरथर फरशीतून खुर्चीत यायची. शुक्रवारी लूम बंद, बाकीचे दिवस वडील आवाज चढवून प्रार्थना करत. देवाला ऐकू येतं, तुझ्या आईला कमी येतं, असं ते म्हणत.

आधी शास्त्रपाठ, मग एक गीत, मग त्यांची प्रार्थना. शेवटी आई आणि मी आमेन म्हणायचो. ते देवाला ‘तू’ म्हणत. मराठी ख्रिस्ती घरांत तसंच म्हणतात. एरवी शाळेतल्या कारकुनीत आयुष्य गेलेला हा माणूस शिपायालाही ‘तुम्ही’ म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात ते अंजूरला गेले होते. चर्चच्या मंडळीतल्या एका आजारी माणसासाठी प्रार्थना करायला. परतताना शेअर रिक्षात त्यांच्या छातीत कळ आली. रिक्षावाल्याने बाकीच्यांना उतरवलं आणि रिक्षा थेट दवाखान्यात नेली. तिथे पोहोचण्याआधीच ते गेले होते. फोन आला तेव्हा मी कुठल्याशा अपघाताच्या बातमीला मथळा देत होतो. मथळा पूर्ण केला आणि निघालो.

दफन झालं. पाहुणे परतले त्या संध्याकाळी आईने बायबल माझ्यापुढे ठेवलं.

“आता तूच.”

मी पाठ वाचला. गीत आम्ही सोडून दिलं. मग मी प्रार्थना केली: हे परमेश्वरा, आपण वडिलांना आपल्याकडे बोलावून घेतलंत, आपण आम्हाला सांत्वन द्यावं, आपली इच्छा पूर्ण व्हावी. वाक्यांत चूक नव्हती. आई आमेन म्हणाली नाही. लूमच्या आवाजात तिला ऐकू आलं नसेल, असं मी धरून चाललो. पुढच्या संध्याकाळीही तिचं आमेन आलं नाही. मग तिने विचारलं,

“तू कोनाशी बोलत व्हतास?”

“देवाशी.”

“देवाला आपन कवापासून म्हनाय लागलास? तो काय तुझ्या हापिसातला साहेब हाय?”

“आदराने म्हटलं.”

“आदर न्हाय ह्यो. त्याला दारात उभा करून बोलतोस. रजेचा अर्ज दिल्यासारखा.”

आई अंबाडीकडच्या खेड्यातली. इतक्या वर्षांत तिने बोली बदलली नाही, वडिलांनीही बदलायला सांगितली नाही.

मी ‘आपण’ ठरवून म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या मजकुरात असा बदल दिसला असता तर मी तिथे खूण केली असती. माझ्या तोंडून तो कधी झाला, ते कळलं नाही. पुढच्या वेळी ‘तू’ म्हणून पाहिलं. शब्द उच्चारला, पण त्याच्यापुढे क्रियापद येईना. मी पुन्हा ‘आपण’ने सुरुवात केली. आईने हात पुढे करून बायबल मिटलं.

“असल्या प्रार्थनेला मी आमेन न्हाय म्हनायची.”

त्यानंतर घरात प्रार्थना झाली नाही. दिवेलागणीला ती तिच्या जागी येऊन बसे, मी माझ्या. मग ती उठून स्वयंपाकाला लागे. वडील तापाने फणफणलेले असतानाही प्रार्थना कधी चुकली नव्हती. आई जेवेनाशी झाली. भाकरीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवी.

रविवारी उपासनेनंतर चर्चचे पाळक घरी आले. मी त्यांना अडचण सांगितली.

ते म्हणाले, “देवाला दोन्ही चालतं हो.”

“त्याला चालत आसंल,” आई म्हणाली. “मला न्हाय चालत.”

पाळकांनी चहा संपवला. जिन्यात मला म्हणाले, “आईंनाच करू द्या ना.” हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आईने चारचौघांत, घरातसुद्धा, कधी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. वडिलांची भाषा पुस्तकी होती. आपली भाषा प्रार्थनेची नाही, अशी तिची समजूत होती.

त्या संध्याकाळी मी पाठ वाचला आणि म्हणालो, “आता तू कर.”

“मला तुझ्या बाबांसारखं येत न्हाय.”

“मलाही नाही येत.”

तिने पदर डोक्यावर घेतला. डोळे मिटले.

“येशू,” ती म्हणाली, “ह्ये तुझ्याच कामाला गेलं व्हतं. तुला म्हाईत व्हतं. घरी तरी येऊ द्यायचं व्हतंस. मी चहाचं आधन ठेवलं व्हतं.” तिने पदर सारखा केला. “मला राग आलाय तुझा. आज एवढंच. उद्या बोलू.”

तिने काही मागितलं नाही, आभारही मानले नाहीत. डोळे उघडून ती माझ्याकडे बघत राहिली. मी आमेन म्हणालो. आमेन कुणीतरी म्हणायचं असतं. मला रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. ती उठली आणि त्या दिवशी तिने पानातली भाकरी संपवली.

आता हेच चालू आहे. पाठ मी वाचतो, बोलते ती. राग अजून पुरता गेलेला नाही. कधी येशूला गुडघ्याचं सांगते, कधी भाजीच्या भावाचं. सुरुवात करण्याआधी मला विचारते,

“आज बोलतोस का?”

“आज नको.”

“बरं.” मग डोळे मिटते आणि त्याला सांगते, “ह्यो आज पन न्हाय बोलत. बसलाय मात्र.”