नियमाने आडवे येणारे साडू

आडवं कसं यावं, हे अख्ख्या रत्नागिरीत माझ्या साडूंइतकं कुणालाच कळत नाही. आडवे येणारे इथे पुष्कळ आहेत. पण समोरून, तळहात उघडे ठेवून आणि कुणाचंही वाईट न चिंतता आडवे येणारे ते एकटेच. वजन जेमतेम पन्नास किलो, उमेदीची वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेलेली, आणि शास्त्र मात्र अमेरिकन फुटबॉलचं. अमेरिकेत मुलाकडे तीन महिने राहिले, तेव्हा त्याने त्यांना एक सामना दाखवला. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं. साडू बघत होते ते चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना थोपवून धरणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांकडे. "मास्तर, त्या बिचाऱ्यांच्या हाती चेंडू येतच नाही हो," परतल्यावर ते मला म्हणाले, "नुसतं दुसऱ्यासाठी उभं राहायचं. आणि तेही नियमात!"

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मोबाईलवर सामना आणि पुढ्यात निवत चाललेला चहा. मग आमच्या ओटीवर येऊन मला उभं करून धडे. "तळवे उघडे, समोरच्याच्या छातीवर. असा ढकला, हा झाला ब्लॉक, चालतं. बोटांनी सदरा पकडलात की होल्डिंग. शिक्षा म्हणून दहा यार्ड मागे." मी पुस्तकं वाचणारा माणूस, मला लंगडीसुद्धा धड जमली नाही, पण त्यांच्या उघड्या तळव्यांपुढे उभं राहिलं की यात काहीतरी थोर आहे असं वाटू लागे.

तिकडचे पंच चूक दिसली की पिवळं फडकं टाकतात, म्हणून साडूंच्या खिशात पिवळा रुमाल. मासळीबाजारात एका माणसाने दुसऱ्याला बाही धरून मागे ओढलं, तेव्हा तो रुमाल उडाला आणि नेमका एका पाटीत पडला. कोळीण ओरडली, "बघा गो, ह्यानं रुमाल टाकलान! आता ही सुरमई ह्यालाच!" साडूंनी मुकाट्याने सुरमई घेतली. एका लग्नात एकीने माझ्या मेहुणीला बोलण्यात गुंतवलं आणि दुसरीने तिच्यामागची खुर्ची लांबवली. साडू पंगतीतून उठले. "चॉप ब्लॉक! एकाने वर गुंतवायचं, दुसऱ्याने गुडघ्यात शिरायचं. याहून नीच प्रकार नाही. पंधरा यार्ड!" माझी बायको हसून हसून बेजार. "भावजी, त्या बाईंना आधी यार्ड म्हणजे काय ते तरी सांगा!" स्वतःलाही ते सोडत नसत. गुहागरच्या गाडीत चढताना त्यांची पिशवी पुढच्याच्या पाठीला जोरात लागली. "पाठीत ब्लॉक, चूक माझी," म्हणत खाली उतरले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. गाडी चुकली.

माझी बायको गेली त्याला आता सात महिने होतील. शेवटच्या वर्षात तिची नजर गेली होती, म्हणून रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवत असे. एका कादंबरीची एकोणीस पानं उरली होती. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, "शेवट काय होतो ते मला कळायला हवं हं." सकाळी ती गेली. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. माझा चुलतभाऊ सगळ्यांना घाई करत होता. अंधाराच्या आत उरकायचं होतं. माझं काम लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. मी साडूंच्या कानाशी लागलो, "भाऊ, मला तिच्यापाशी अर्धा तास हवा." का, ते त्यांनी विचारलं नाही. मी आत गेलो, ते दारात उभे राहिले.

दार उघडंच होतं. मी हलक्या आवाजात वाचत होतो आणि मधूनमधून मान वर केली की साडूंची पाठ दिसत होती. कोपरं अंगाशी, तळवे उघडे. कुणी डावीकडून आलं की पाठ डावीकडे, उजवीकडून आलं की उजवीकडे. दोन बायका आल्या नि परत गेल्या. भटजी आले, तेही थांबले. चार पानं उरली असताना चुलतभावाचा आवाज चढला.

"भाऊ, बाजूला व्हा. सगळे खोळंबलेत."

"होतो. जरा थांबा."

"काय थांबा? नसता पोरखेळ!" तो साडूंच्या हाताखालून आत शिरू लागला, आणि साडूंनी त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली. घट्ट.

"सोडा!"

"हे होल्डिंग आहे. मला माहीत आहे," साडू म्हणाले. "पण सोडणार नाही."

मी शेवटचं पान सावकाश वाचलं. पुस्तक तिच्या उशाशी ठेवून उठलो. बाही अजून त्यांच्या मुठीतच होती. "झालं?" त्यांनी मागे न बघताच विचारलं. मी म्हटलं, "झालं." तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली.

ते अजूनही येतात, ओटीवर बसतात. त्या अर्ध्या तासात मी आत काय करत होतो, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. आणि मलाही अजून त्यांना सांगता आलेलं नाही, की तिला शेवट कळला.